ब्रुन्सविगा 13 आरके: हातचा कुठे गळत होता

सापडला एकदाचा! ब्रुन्सविगा म्हणजे हँडल फिरवून आकडेमोड करणारं जुनं यंत्र. त्याचं मागे लिहिलं होतं तेच दुखणं: निकालाच्या पाचव्या घरातून सहाव्यात हातचा जात नव्हता. 99999 मध्ये 1 मिळवला की 100000 ऐवजी सगळी शून्यं. तेही कधी कधीच. हँडल सावकाश फिरवलं तर बरोबर, मुनीमजींच्या वेगाने फिरवलं की लाख रुपये गुल. तीन रविवार यातच गेले.

आधी वाटलं, जुनं तेल गोंदासारखं चिकटलंय. रॉकेल मिळवायलाच चार दिवस लागले. दोनदा बुडवून ब्रश मारला, फरक शून्य. (फवाऱ्याचं तेल सुचवू नका. दोन महिन्यांत त्याचाच गोंद होतो. शिलाई मशीनचं तेल, तेही सुईच्या टोकाने.) मग संशय ड्रमवरच्या (हँडलबरोबर फिरणारा आतला रूळ) हातच्याच्या दातांवर. हे दात गोल जिन्यासारखे मागेपुढे बसवलेले असतात, म्हणजे उजवीकडचा हातचा पोचल्यावरच डावीकडचा निघतो. भिंगातून पाहिले, एकही झिजलेला नाही. 1892 मध्ये ओड्नर या स्वीडिश इंजिनिअरच्या गणनयंत्राचे हक्क घेणारे हे जर्मनीतले ब्राउनश्वाइगवाले पोलादात कंजुषी करत नसत.

शेवटी हातचा पुढे देणारी एकेक लिव्हर बोटाने ढकलली. बाकीच्या टक्कन बसतात, पाचवी नुसतीच सरकली. खाली बॉलपेनची स्प्रिंग! कुण्या उस्तादाने कापून कोंबलेली. आकडा 9 वरून 0 वर गेला की लिव्हर पुढे येऊन दात येईपर्यंत तिथेच टिकायला हवी. वेगात ही उसळून मागे जायची.

ऑनलाइन मागवलेल्या स्प्रिंगा जाडीतच चुकीच्या. गावातल्या घड्याळवाल्या चाचांनी तार दिली, म्हणाले, "गुंडाळ तूच." पहिली इतकी कडक झाली की हँडल अडलं. दुसरी दाभणावर गुंडाळली. टक्क!

आणि गंमत बघा. शून्यातून 1 वजा केला, 9 ची रांग डावीकडे धावली आणि टिंग! हातचा शेवटच्या घरापलीकडे गेला की वाजणारी ही घंटी, मी मुकी म्हणून खोलणार होतो. ती ठणठणीत होती, वाटेत सहाव्या घराशीच सगळं थांबत होतं.

आता रंगकाम मागे. आधी बाकीच्या स्प्रिंगा तपासतो... लिव्हरला दोऱ्याने एकच नट टांगून बघावं का? कुठली लवकर झुकते ते कळेल.

यंत्र जिनिंगच्या भंगारातलं (जालन्यात असलं लोखंड थेट भट्टीत जातं), म्हणून पहिला हिशेब कापसाचाच: 17.35 क्विंटल, दर 7521. हँडलच्या 16 फेऱ्या (1+7+3+5), 130489.35. वडिलांनी पाटीवर ताडून पाहिलं, पैशासकट जुळलं.