किरकोळ बातम्या

कॉलेजातल्या मैत्रिणीचा वर्षा-दोन वर्षांनी फोन येतो. "काय गं, काय विशेष?" "काही नाही, चाललंय." मग मुलं, सासूबाई, गुडघे अशी सगळ्यांची हजेरी होते आणि दहा मिनिटांत गाडी "भेटू या एकदा निवांत"वर येते. जिला काल संध्याकाळीच पाहिलंय, तिला सांगायला मात्र आज सकाळी माझ्याकडे मुलुंडपासून मशीदपर्यंत पुरेल एवढं असतं.

लग्न, बदली, ऑपरेशन हे कुणालाही, कधीही सांगता येतं. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आज चारवरून सातवर गेल्या, हे सांगायला आधीच्या चार ठाऊक असलेलं माणूस लागतं. आणि तेही आजच. किरकोळ बातमी पालेभाजीसारखी, त्याच दिवशी निवडून टाकावी लागते.

आमची निवडानिवड ठाणे स्लोच्या लेडीज डब्यात चालते. एकमेकींची ओळख स्टेशनावरून. नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी. आडनावं विचारायची राहूनच गेली, पण नाहूरच्या मिस्टरांना पडवळ चालत नाही हे अख्ख्या कोपऱ्याला माहीत आहे. फक्त घाटकोपरच्या आत मुद्द्यावर यावं लागतं. 2014 मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून तिथे जी गर्दी चढते, त्यानंतर कुर्ल्यापर्यंत नुसत्या भुवयांवर बोलणं चालतं.

सध्या गाजतंय ते कढीपत्ता प्रकरण. भांडुपच्या मजल्यावर पॅसेजमध्ये तिची कुंडी आहे. पानं रोज कमी व्हायला लागली. संशय अर्थातच समोरच्या बिऱ्हाडावर, कारण त्यांच्याकडून सांबाराचा वास येत होता. विक्रोळीनं शंका काढली, "अगं, फोडणीला पाच-सहा पानं लागतात. एवढी कोण नेईल?" शेवटी नाहूरनं फोटो मागवला. फोन हातोहात फिरला. पानं तोडलेली नव्हतीच, कडेनं कुरतडलेली होती, काही ठिकाणी मधली शीर तेवढी उरलेली. एका पानावर चिमणीची शिट पडल्यासारखं काहीतरी होतं. विक्रोळीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, तर त्या शिटेला डोकं!

कांजूरची मुलगी प्राणिशास्त्र शिकलेली. तिनं उभ्याउभ्याच उलगडा केला. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, म्हणून लिंबावरची फुलपाखरं त्यावरही अंडी घालतात. लहानपणी अळी मुद्दाम शिटेसारखी दिसते, म्हणजे पक्षी वाटेला जात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. समोरच्या बिऱ्हाडाची निर्दोष सुटका झाली. "पण सांबार रोजच असायचं हं," असं भांडुप अजूनही म्हणते.

औषध मारायचं की नाही यावर डब्यात उभी फूट पडली. मी झाडाच्या बाजूची होते. पण कांजूरनं थेट राज्याचा मान मध्ये आणला: 2015 मध्ये स्वतःचं राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र पहिलं, ते ब्लू मॉरमॉन आणि ही आपली अळी एकाच घराण्यातले. यापुढे कढीपत्त्याचं काय चालणार! भाजीवाला मिरच्या-कोथिंबिरीबरोबर दोन काड्या तशाही फुकट देतोच, असं नाहूरनं सांगून टाकलं.

असल्या विषयांना तोटा नाही. दादरचंच घ्या. दोन्ही लाइनींना एक नंबरचा प्लॅटफॉर्म असायचा, म्हणून भेटायचं ठरवताना "वेस्टर्नचा की सेंट्रलचा?" विचारावं लागे. 9 डिसेंबर 2023 पासून रेल्वेनं सेंट्रलचे नंबर आठपासून पुढे केले आणि तो घोळ मिटवला. आता आठ म्हटलं की "जुना की नवा?" विचारावं लागतं, कारण जुना आठ चौदा झालाय. यावर आमच्या कितीतरी सकाळी सत्कारणी लागल्या आहेत.

परळच्या ताई गेल्या दिवाळीत रिटायर झाल्या. ऑफिसची त्यांना अजिबात आठवण येत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. पण गाडी विक्रोळीला आली की त्यांचा फोन येतो आणि कुठलीही प्रस्तावना न करता विचारतात, "अळीचं काय झालं?"

अळीचा कोष झालाय, देठाला बारीक दोऱ्यानं बांधून घेतलाय. ताईंच्या मते तो सोमवारी फुटणार, मी बुधवार धरलाय. एका कटिंगची पैज आहे आणि कांजूरला पंच नेमलंय, कारण भांडुपचा काही भरवसा नाही. ती ताईंच्या बाजूची आहे.