सर्व्हिस हातातून नव्हे, पायांतून

टेनिस खेळताना अनेक वर्षे माझी पहिली सर्व्हिस जाळ्यात जात असे आणि त्याचा दोष मी हाताला देत असे. मनगट उशिरा फिरते असे समजून मी रॅकेट अधिक जोराने फिरवू लागलो. त्याने डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गमावणे) वाढले आणि खांदाही दुखू लागला.

खरे कारण मातीच्या कोर्टवर दिसले. एका सकाळी, नुकतेच पाणी मारलेल्या मातीवर वीसेक सर्व्हिस केल्यावर मी बेसलाइनपाशी, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपाशी, उमटलेले ठसे पाहिले. मी उजव्या हाताने खेळतो, म्हणजे माझा डावा पाय रेषेच्या आत, सरळ पुढे पडायला हवा होता. ठसे मात्र रेषेला चिकटून आणि वीतभर डावीकडे सरकलेले होते. अंगाचा भार चेंडूच्या मागे उभा राहतच नव्हता, तो बाजूला सांडत होता.

याचे मूळ टॉसमध्ये, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवण्यात, होते. मनगटाच्या झटक्याने उडवलेला चेंडू डोक्यावर डावीकडे जाई आणि त्याला गाठायला शरीर तिकडे कलत असे. आता मी चेंडू बोटांच्या पेरांवर धरून, कोपर न वाकवता, खांद्यातून उचलतो. तो न मारता खाली पडू दिला, तर डाव्या पायाच्या पुढे, रेषेच्या फूटभर आत पडला पाहिजे.

‘वजन पुढे टाका’ हा नेहमीचा सल्ला मला अपुरा वाटतो. बेसलाइनपासून जाळे ३९ फुटांवर असते, मध्यभागी त्याची उंची ३ फूट असते आणि त्यापलीकडे २१ फुटांच्या आत चेंडू टेकावा लागतो. मध्यम उंचीच्या खेळाडूने नुसते पुढे झोकून दिले, तर मान खाली जाते आणि चेंडू जाळ्यात जातो. म्हणून भार आधी मागच्या पायावरून पुढच्या पायाच्या चवड्यावर यावा, गुडघे वाकलेले असावेत, आणि तिथून जमीन रेटत तो वर जावा. २०१९ मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन स्पर्धेच्या ज्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसनने इव्हो कार्लोविचला हरवले, त्याचे तिन्ही सेट टायब्रेकरवर (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर) गेले होते; ६ फूट ८ इंच उंचीचा अँडरसनही गुडघे वाकवूनच वर उसळत असे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पाय कसे ठेवावेत, याबाबत दोन पद्धती आहेत. सेरेना विल्यम्स मागचा पाय पुढच्या पायाजवळ ओढून घेत असे, तर सॅम्प्रस आणि फेडरर दोन्ही पायांत अंतर राखत. तोल सांभाळायला मला दुसरी पद्धत सोपी जाते.

सरावात मी प्रत्येक सर्व्हिसनंतर डाव्या पायावर उतरतो, उजवा पाय मागे उचललेला ठेवतो आणि तीन आकडे मोजेपर्यंत तसाच थांबतो. कोर्टच्या उजवीकडून आता ठसे बहुधा आत आणि सरळ पडतात. डावीकडून, विशेषतः ३०-४० अशा, गेम हातचा जाण्याच्या बेतात असलेल्या गुणांवर, टॉस अजूनही डोक्यामागे जातो. तेव्हा रॅकेट न फिरवता मी चेंडू झेलतो आणि पुन्हा सुरुवात करतो, कारण नियमात तेवढी मुभा आहे.