म्हशीचं पुस्तक

आज सकाळी लोकलला चक्क चौथी सीट मिळाली, म्हणून कृष्णात खोतांचं 'रिंगाण' काढलं. २०२३चा साहित्य अकादमी मिळालेली कादंबरी, मी आत्ता वाचतेय! धरणामुळे उठलेलं गाव, मागे राहिलेली म्हैस, तिला आणायला परत निघालेला माणूस. बोली आधी अडते, मग कानात बसते. मधे जरा लांबलीय, हे आपलं माझं मत.

शेजारच्या काकू गवार मोडत होत्या. "कशाचं गं पुस्तक?"

"म्हशीचं," म्हटलं आणि थोडं सांगितलं. गवारीवरचा हात थांबला.

"आमचंबी गाव कोयनेत गेलं. सासू सांगायची, गाय तिथंच सोडून आली."

पुढचं एकही पान वाचलं नाही. ठाण्याला उतरताना म्हणाल्या, "म्हैस घावली का, ते सांग उद्या."