ऑडी टीटीचे ब्रेक पॅड आणि काउंटरवरचं 'सगळ्यांना हेच लागतं'

गाडी दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी, दोन लिटर पेट्रोल, क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना ताकद). पुण्यात सेकंड हँड घेतलेली. पुढचे ब्रेक पॅड ३ मिलिमीटरवर आले तेव्हा बदलायला काढले. बसवायला मेकॅनिकला एक दुपारसुद्धा पूर्ण लागली नाही. उरलेला सगळा वेळ पॅड मिळवण्यात गेला, आणि त्यातला बहुतेक एकाच दुकानाच्या काउंटरसमोर उभं राहून.

कुठल्या प्रकारचे पॅड हवेत, यात मला फार डोकं लावावं लागलं नाही. मी गाडी ट्रॅकवर नेत नाही. रविवारी पहाटे ताम्हिणी, कधी पसरणी घाटातून पाचगणी, एरवी ऑफिस. रेसिंगचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत, तापल्यावर खुलतात. सिंहगड रोडवर पुढे रिक्षा आडवी आली तर पॅड तापायची वाट कोण बघणार? वर ते किंचाळतात आणि डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला दाबतात ती लोखंडी तबकडी) खातात ते वेगळंच. सिरॅमिक मिश्रणाच्या पॅडने काळी पूड कमी पडते, चाकं स्वच्छ राहतात. सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेले, उष्णता जास्त सोसतात, पण चाकं सारखी पुसावी लागतात. मला घाट उतरताना ब्रेक मऊ पडायला नको होते आणि पावसात पहिल्या दाबाला धरायला हवे होते. म्हणून रस्त्यासाठीचे, मूळ दर्जाचे पॅड. टेक्स्टार, पॅजिड, एटीई ही मंडळी युरोपीय गाड्यांना कारखान्यातच माल देतात. त्यांतला जो मिळेल तो.

इथपर्यंत ठीक. मग काउंटर.

"गाडी?"
"टीटी."
"वर्ष?"
सांगितलं. पोराने दोन बटणं दाबली. "येतील साहेब. अ‍ॅडव्हान्स भरा."

मी म्हटलं, अहो, थांबा. एकाच मॉडेलला, एकाच वर्षी वेगवेगळ्या मापाचे ब्रेक येतात. इंजिन कुठलं, डिस्क केवढी, यावर पॅडचा आकार बदलतो. ऑडी ज्यातली, त्या फोक्सवॅगन घराण्याच्या गाड्यांना यासाठीच डिकीत गालिच्याखाली एक कागदी स्टिकर असतो, तोच सर्व्हिस बुकातही चिकटवलेला असतो. त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड. १झेड किंवा १एल ने सुरू होणारा कोड पुढच्या ब्रेकचा, १के वाला मागच्याचा. स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये तयार ठेवला होता, तो समोर धरला.

"ते आम्हाला लागत नाही. सगळ्यांना हेच लागतं."

चेसिस नंबर तरी घाला म्हटलं. "आमच्या सिस्टिमला गाडीचं नाव चालतं." मी आरसी पुढे केली. त्याने ती न बघताच परत सरकवली, आणि वर विचारलं, "डिस्कपण घेताय ना? पॅडबरोबर डिस्क बदलावीच लागते."

हे खोटं आहे. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मेकॅनिककडून मायक्रोमीटरने मोजून घ्या. व्हर्नियर कडेच्या उंचवट्यावर अडकतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. माझी किमान जाडीच्या बरीच वर होती.

मग "मंगळवारी या" सुरू झालं. मंगळवारी माल मुंबईत. पुढच्या मंगळवारी माल गाडीत चढलाय. फोन केला की "निघतोच आहे". या काळात माझं घाटात जाणं बंद, आणि ऑफिसलाही मी पुढच्या गाडीपासून भलतं अंतर ठेवून चाललो होतो, त्या अंतरात प्रत्येक स्कूटरवाला हक्काने शिरत होता.

शेवटी डबा आला आणि चुकीचा आला. मला ते तिथल्या तिथे कळलं, कारण जुन्या पॅडच्या पाठीवरच्या लोखंडी पत्र्यावरचा पाच आकडी डब्ल्यूव्हीए नंबर मी लिहून नेला होता. हा नंबर पॅडच्या आकाराचा असतो; डब्यावर कुणाचंही नाव असो, नंबर जुळला पाहिजे. इथे नंबर वेगळा, पत्र्याचे कानही वेगळे. पोरगा म्हणाला, "ग्राइंडरवर थोडं घासलं की बसतं साहेब. बसवतात सगळे."

ब्रेक पॅड. ग्राइंडरवर. शंभराच्या वेगाने ताम्हिणी उतरणाऱ्या गाडीला!

पैसे परत नाहीत, क्रेडिट नोट मिळेल, असंही ऐकून घेतलं. आवाज चढला (माझाच) तेव्हा आतून शेठ बाहेर आले. चष्मा लावला, मोबाइलवरचा स्टिकर वाचला, आरसीवरून चेसिस नंबर घातला. त्याच संगणकात, त्याच सिस्टिममध्ये. मला हवा तो नंबर समोर आला. चहा अर्धा व्हायच्या आत ऑर्डर गेली. पोरगा शेजारी उभा राहून बघत होता, जणू काही झालंच नाही.

बरोबर डबा आल्यावर मी तो काउंटरवरच उघडला, तुम्हीही उघडा. पॅडच्या पाठीवर वर्तुळात ई आणि एक आकडा, पुढे ९०आर असं असलं पाहिजे. ही युरोपची आर-९० मान्यता. यात बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. ई-१ म्हणजे मान्यता जर्मनीची, ई-३ इटलीची. कडेला एफएफ, जीजी अशी इंग्रजी अक्षरंही असतात: पहिलं गार पकडीचं, दुसरं गरम. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. जी दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, दोन्ही अक्षरं सारखी असणं जास्त मोलाचं.

बसवताना पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) मागे ढकलला की ब्रेक ऑइल टाकीत वर चढतं. मध्ये कुणी टॉप-अप केलं असेल तर ते सांडतं आणि रंग खातं. मी ऑइलही बदललं. डॉट-४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते, आणि आपल्याकडचे पावसाळे पाणी पाजायला समर्थ आहेत.

नवे पॅड लगेच रगडू नका. रिकाम्या रस्त्यावर ऐंशीवरून वीस-तीसपर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये गार होऊ द्यायचं, पुन्हा तेच. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभं राहायचं नाही.

मागचे पॅड करणार असाल तर एक राहिलं: या गाडीचा हँडब्रेक केबलचा आहे, त्यामुळे मागचा पिस्टन फिरवत आत घालावा लागतो. क्लॅम्पने नुसता दाबला तर कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा भाग) गेला. आणि पॅड बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घ्या, पहिल्या दाबाला ते सरळ तळाला जातं.