देव्हाऱ्यातलं नाव

जुनी चावडी पाडायला घेतली त्या दिवशी मी आठ वाजताच गावात पोचले. ग्रामसेविका म्हणून पंचनामा माझ्याकडे होता. दर्शनी भिंतीतून संगमरवरी पाटी निघाली: या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात किती माणसं गेली, त्यांतली किती मेली. सातारा-रत्नागिरीकडच्या बऱ्याच गावांत अशा पाट्या आहेत. आमच्या पाटीवर मेलेल्यांचा आकडा 5. नाव एकाचंही नाही.

पाटी गोणपाटात गुंडाळत होतो, तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. "बाई, ह्यात आमचं आजेसासरं हाईत का बगा. बसऱ्याला गेलं ते आलंच न्हाईत."

"आजी, यात नावं नाहीत हो."

"मग घरला चला. त्यांच्या बदल्यात सरकारनं देवी दिली हुती."

देव्हाऱ्यात टाकाशेजारी ब्राँझची चकती होती, तळहातापेक्षा थोडी मोठी. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, पुढ्यात सिंह. तीन पिढ्यांनी ती भवानी म्हणून पुजली होती. कुंकवाचा थर इतका की अक्षरं बुजलेली. अशी चकती मी एका माजी सैनिकाच्या घरी पाहिली होती. लढाईत मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकारनं ती धाडली, आणि त्यावरची बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं बाईच्या रूपातलं प्रतीक. ते मी आजींना सांगितलं नाही. शंभर वर्षं जिच्यापुढे दिवा लागला ती कोण, हे ठरवणारी मी कोण?

पण चिंच लावून चकती घासायची परवानगी मागितली. सिंहाच्या डोक्यावर चौकट होती, तिच्यात इंग्रजी अक्षरं उमटली. आजेसासऱ्यांचं नाव. मी मोठ्यानं वाचलं. आजी म्हणाल्या, "हितं लिवलंय व्हय?" काठावर लिहिलेलं होतं, हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी? ज्याच्या गावात तेव्हा परक्याचा अंमल होता, त्याच्या नावाभोवती हे शब्द वाचून माझा गळा दाटला.

मग मोबाइलवर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची यादी ठेवणाऱ्या संस्थेची, नोंद शोधली. तासभर गेला. गावाचं नाव इतकं मोडून लिहिलेलं की दोनदा पुढे गेले. मोठ्यानं म्हटल्यावर ओळख पटली. शिपाई, मराठा पलटण, 1916, इराकमधलं बसरा स्मारक. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या 103, 110 आणि 117 मराठा पलटणी तेव्हा इराकमधल्याच कूत या गावात अडकल्या होत्या. डिसेंबर 1915 पासून 147 दिवस तुर्कांचा वेढा, उपासमार, आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती. आजेसासरे वेढ्यात गेले, कैदेत गेले की आणखी कुठे, ते नोंदीत नव्हतं. बसऱ्याच्या भिंतीवरही अधिकाऱ्यांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा.

"आन् हितं?" आजी सांगू लागल्या. 1918 ला पाऊस पडला नाही, त्यात मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ. आजेसासूबाईंची दोन लेकरं आठवड्याच्या आत गेली. तिसरं जगलं, ते आजींचे सासरे. ती माणसं लढाईच्या कुठल्याच आकड्यात नाहीत.

पंचनाम्यात पाटीच्या नोंदीखाली मी आजेसासऱ्यांचं नाव वडिलांच्या नावासकट देवनागरीत लिहिलं. साक्षीदार म्हणून आजींचा अंगठा घेतला. त्यांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

मी निघाले तेव्हा चकती जागेवर गेली होती. कुंकू त्रिशुळाला लावलेलं, नावाची चौकट मोकळी.