मागच्या ड्रम ब्रेकची जुळवणी : माझा अनुभव
आमच्या जुन्या व्हॅनच्या ब्रेकचे पॅडल उन्हाळ्यापासून खाली जाऊ लागले होते आणि कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना ते आणखी खाली जाई. पॅडल लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर येऊन घट्ट राहत असे. ते स्पंजासारखे दबत असते तर नळ्यांत हवा शिरल्याची शंका आली असती, आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असते तर मास्टर सिलिंडर (पॅडलच्या दाबाने ब्रेक ऑइल नळ्यांत ढकलणारा भाग) तपासावा लागला असता. येथे मागच्या चाकांत ड्रम (चाकाबरोबर फिरणारे पोकळ भांडे) आणि शू (ब्रेक लावल्यावर त्याला आतून दाबणाऱ्या वक्र पट्ट्या) यांतले अंतर वाढले होते, कारण शूंवरचे लायनर, म्हणजे घर्षणाचे अस्तर, झिजले होते. घाटात ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून आणखी दूर जातो, त्यामुळे तेथे हा दोष ठळक जाणवे.

पाचोऱ्यातील एका गॅरेजमध्ये केवळ हँडब्रेकची तार ओढून देण्यात आली. हँडब्रेक घट्ट झाला, पॅडल मात्र होते तसेच राहिले. माझे स्पष्ट मत असे की, तारेने हे अंतर झाकणे घातक आहे, कारण ताणलेली तार शूंना पूर्ण मागे बसू देत नाही आणि नंतर चाकापाशी केलेली या अंतराची जुळवणीही फसवी ठरते.

म्हणून मी पुतण्याला सोबत घेऊन सकाळी, ड्रम थंड असताना, काम सुरू केले. तापलेल्या ड्रमवर जुळवणी केली, तर थंड झाल्यावर तो आकसतो आणि शू घासू लागतात. पुढच्या चाकांना ठोकळे लावले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, मागची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) टेकवली, हँडब्रेक सोडला आणि त्याची तार चांगली सैल केली. ड्रम काढून पाहिले. लायनर अजून पुरेसे जाड होते आणि शूंना बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबराखाली ब्रेक ऑइलची ओल नव्हती. ओल असती तर जुळवणीचा काहीच उपयोग नव्हता. आतली धूळ मी हवेने उडवली नाही, ओल्या कापडाने पुसली, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस हे श्वासावाटे घातक ठरणारे खनिज असू शकते.

ड्रम परत बसवून चाके लावल्यावर मागच्या पत्र्याच्या छिद्रातील रबरी बूच काढले आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरने शू ड्रमच्या जवळ-दूर करणारे आतले छोटे दातेरी चाक फिरवू लागलो. कोणत्या दिशेला घट्ट होते, हे दोन्ही बाजूंना सारखे असेलच असे नाही, म्हणून दर थोड्या फिरवणीनंतर हाताने गाडीचे चाक फिरवून पाहणे हाच खरा मार्ग. गाडीचे चाक अडेपर्यंत दातेरी चाक घट्ट केले, पुतण्याला पॅडल जोरात दाबून सोडायला सांगितले, म्हणजे शू आपापल्या जागी बसतात, आणि मग गाडीचे चाक हलक्या घासटीने फिरू लागेल इतके दाते मागे घेतले. दुसऱ्या चाकाचेही तसेच केले. या कामाला घाई चालत नाही, कारण दोन्ही चाकांत फरक राहिला तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जाते.

तार मी शेवटी जुळवली. हँडब्रेक काही खटक्यांत धरेल, पण सोडल्यावर चाक मोकळे फिरेल, इतपतच. पॅडल आता वरच्या वर लागत होते. पारोळ्याच्या रस्त्यावर थोडे अंतर जाऊन आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात धरून उष्णता ताडून पाहिली. डावे जास्त तापले होते, म्हणून ते थंड होऊ दिल्यावर तेथील एक दाता मागे घेतला.