गडूतली पंचगंगा

आमच्या देवघरात तांब्याचा एक लहानसा गडू आहे. माझ्या पणजीने तो काशीहून गंगा भरून, तोंडाला डाक लावून आणला होता. आजीच्या शेवटच्या दिवशी तिच्या मुखात गंगा घालण्यासाठी तो फोडला, तेव्हापासून तो रिकामाच होता. गेल्या कार्तिकात आत्तीबरोबर प्रयाग, काशी, सारनाथ, गया आणि बोधगया अशी यात्रा करायचे ठरले, तेव्हा नवी गंगा आणण्यासाठी तो बरोबर घ्यावा हे मला पटले होते. मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी आत्तीने मला स्कूटर काढायला लावून प्रयाग चिखलीला नेले आणि तेथील संगमावर तो काठोकाठ भरून घेतला. काशीला जाताना पाणी घेऊन जायचे असते, हे मी प्रथमच ऐकत होते.

"पाव्हण्याकडं रिकाम्या हातानं जात्यात व्हय?" एवढेच तिचे स्पष्टीकरण.

आत्ती छहात्तर वर्षांची आहे आणि प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली आहे. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. शहरातल्या पंचगंगा घाटाऐवजी वरच्या अंगाला चिखलीला जाण्याचे कारणही तिने सांगितले नाही, पण ते मला कळले होते. शहराचे सांडपाणी घेऊन येणाऱ्या जयंती नाल्याने नदीचे काय केले आहे, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. पाहुण्याला द्यायचे तर त्यातल्या त्यात चांगले द्यावे, असा तिचा विचार असावा. माझ्यापुरते बोलायचे तर, मी घराबाहेर सीलबंद बाटलीखेरीज पाण्याला स्पर्श न करणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासात माझ्या उशाशी कापडात गुंडाळलेला तो गडू असणार, याचीच मला अधिक काळजी होती.

खरे तर कोल्हापूरकराला काशीला जाण्याची गरज काय, असा प्रश्न आमच्या वडिलांनी आयुष्यभर विचारला. गावाला दक्षिण काशी म्हणतात. अंबाबाईच्या आवारात घाटी दरवाजापाशी काशी विश्वेश्वर आहे, काशीकुंड आहे आणि मणिकर्णिका कुंडही आहे. हे कुंड बुजवून त्यावर अनेक वर्षे स्वच्छतागृह उभे होते. अलीकडे ते पुन्हा उकरून काढले, ही गोष्ट निराळी. संगम हवा तर चिखलीला प्रयाग आहे. वडिलांच्या या युक्तिवादाला आत्तीने कधीच उत्तर दिले नव्हते. ते गेल्यावर तिने केवळ तिकिटे काढायला सांगितली.

कोल्हापुराहून आठवड्यातून एकदा धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस प्रयागराज आणि गया या दोन्ही ठिकाणी थांबते. या गाडीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग संपवत आम्ही प्रयागला पोहोचलो. तेथून पुढे एका यात्रा कंपनीच्या बसमधून बत्तीस जणांचा आमचा जथा फिरणार होता. प्रयागला नावाड्यांशी भावासाठी हुज्जत झाली, ती आठवण्याजोगी नाही. गंगेचे राखाडी पाणी आणि यमुनेचे हिरवट पाणी एकमेकांना लागून काही अंतर वेगवेगळे वाहते, ते मात्र खरोखर दिसते. सगळ्यांनी स्नान केले, आचमन घेतले. मी पावले भिजवली आणि पिशवीतली बाटली काढली. आत्तीने ते पाहिले आणि काही बोलली नाही.

काशी विश्वनाथाच्या दर्शनाला तीन तास रांगेत उभे राहिलो आणि देवापुढे दोन क्षणसुद्धा मिळाले नाहीत. अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये उभारलेले हे मंदिर आता प्रशस्त आवारात आहे आणि तिथून थेट गंगेपर्यंत उतरता येते. सोय पुष्कळ झाली आहे, मात्र गर्दी त्या सोयीच्याही पुढे गेली आहे, असे माझे मत झाले. मागून ढकलणाऱ्या हाताला देवही थांबवू शकत नाही, तिथे स्वयंसेवक काय करणार! बाहेर आल्यावर आमच्या व्यवस्थापकाने संध्याकाळच्या आरतीसाठी दशाश्वमेध घाटावर जायचे जाहीर केले. आत्तीने त्याला शांतपणे सांगितले, "तुम्ही जावा. मी पंचगंगेला जातो." स्त्रियांनी 'जातो, येतो' म्हणायची आमच्या गावची रीत त्या नागपूरच्या मुलाला ठाऊक नसावी. तो क्षणभर गोंधळला आणि मग त्याने आम्हाला जाऊ दिले.

काशीतही पंचगंगा घाट आहे, हे मला पुस्तकातून माहीत होते, तरी त्या घाटाच्या पायऱ्या इतक्या उभ्या असतील अशी कल्पना नव्हती. वर आलमगीर मशीद, तिच्या आसपास दाटलेल्या गल्ल्या, औंधच्या संस्थानिकांनी बांधलेले बिंदुमाधवाचे मंदिर, आणि खाली एकदम नदी. याच पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात रामानंदांचा पाय कबीरांना लागला, अशी कथा आहे. कार्तिकात येथे उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या टोपल्या दोरीने वर चढवून त्यांत आकाशदिवे लावतात. आम्ही पोहोचलो तेव्हा एक माणूस दोरी ओढत होता आणि टोपली हेलकावे खात वर चालली होती. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेचा सगळा घाट पणत्यांनी उजळतो. यंदा तो चुकणार म्हणून आत्ती गाडीत दोनदा हळहळली होती. येथे तिने वर पाहिले आणि पदर सावरून घेतला.

छत्रीखाली बसलेल्या एका पंड्याने आमच्या हातातला गडू पाहून चौकशी केली. गडूत पाणी आहे आणि ते गंगेत सोडायचे आहे हे कळताच त्याने बाहेरचे पाणी गंगाजीत सोडायचा संकल्प अकराशे एक रुपयांचा असतो, असे सांगितले. मी संतापले. नदीत पाणी ओतण्याचे पैसे मागण्याइतकी कल्पकता मी पूर्वी पाहिली नव्हती, आणि हे मी त्याला माझ्या बऱ्यापैकी हिंदीत ऐकवणार होते. आत्तीने मला मागे सारले आणि तिच्या खास हिंदीत म्हणाली, "ये बाहर का पानी नहीं, पंचगंगा का पानी है।"

"पंचगंगा तो यही है, माताजी।"

"हमारे गाँव में भी है की!"

तो हसला. त्याने परीक्षा घेतल्यासारखे विचारले, "अच्छा? पाँच कौन-सी?" आत्तीने अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि वर्गात मुलांना शिकवावे तशी एकेक नदी मोजली: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी सरस्वती. मग तिने हात पुढे करून त्यालाच मोजायला लावले. त्यानेही तशीच पेरे मोजली: गंगा, यमुना, सरस्वती, किरणा, धूतपापा. सरस्वतीशी त्याचे बोट अडखळले. "आपकी सरस्वती दिखती है?" असे त्याने विचारले, तेव्हा त्याच्या आवाजातला व्यवहार संपला होता.

"नहीं. गुप्त है।"

"यहाँ भी गुप्त है," तो म्हणाला. पुढे किंचित ओशाळून त्याने हेही कबूल केले की, येथे पाचांपैकी डोळ्यांना दिसते ती एकटी गंगाच. आमच्या चार दिसतात, हे सांगताना आत्तीच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो तिच्या निवृत्तीच्या सत्कारातही मी पाहिला नव्हता.

त्याने छत्री बाजूला घेतली, आत्तीला हात धरून शेवटच्या पायरीपर्यंत उतरवले आणि संकल्प सांगितला. अर्धे पाणी सोडा, अर्धे राहू द्या आणि त्यावर आमचे भरा, ही सूचना त्याचीच. आत्तीने दिलेले एकशे एक रुपये त्याने न पाहता कनवटीला लावले. मला आचमनासाठी बोलावले तेव्हा मी घसा दुखत असल्याचे कारण सांगितले. ते खोटे होते.

दुसऱ्या दिवशी बनारसी साड्यांच्या एका दुकानात आमचे अडीच तास गेले आणि सारनाथला पन्नास मिनिटे मिळाली, कारण व्यवस्थापकाच्या मते तेथे "नुसते अवशेष" होते. याबद्दल मी आणखी तावातावाने लिहिले असते, पण त्या दुकानातून साडी घेणाऱ्यांत मीही होते. सुमारे 43 मीटर उंचीच्या धामेक स्तूपाभोवती श्रीलंकेहून आलेले यात्रेकरू पांढऱ्या वस्त्रांत संथपणे प्रदक्षिणा घालत होते. कोणी कोणाला ढकलत नव्हते. मी मात्र जवळच्या धर्मराजिका स्तूपाच्या उरलेल्या गोल चौथऱ्यापाशी थांबले. हा स्तूप 1794 मध्ये जगतसिंगाच्या माणसांनी विटांसाठी फोडला. आत दगडी पेटीत करंडक निघाला, त्यातल्या अस्थी गंगेत सोडल्या गेल्या आणि विटा बनारसमधल्या बांधकामाला गेल्या. एकोणिसाव्या शतकात आमच्या कोल्हापूर शहरातही एका स्तूपाच्या अवशेषांतून धातुकरंडक आणि ब्राह्मी अक्षरांतील दानलेख निघाला होता. जोतिबाला दरवर्षी जाणाऱ्या आमच्यापैकी कितीजण वाटेवरची पोहाळ्याची बौद्ध लेणी पाहायला वाकडी वाट करतात? मी चाळिशी ओलांडेपर्यंत केली नव्हती. हे मी आत्तीला सांगत असतानाच बसचा भोंगा वाजला.

गयेला विष्णुपद मंदिरात आत्तीने आई-वडिलांसाठी आणि माझ्या वडिलांसाठी पिंडदान केले. हे मंदिरही अहिल्याबाईंचेच, 1787 सालचे. पुरोहिताने नावे विचारली, गोत्र विचारले, गाव विचारले आणि मग जात विचारली. आत्ती म्हणाली, "कोल्हापूर." त्याला ऐकू आले नसावे असे वाटून त्याने पुन्हा विचारले. ती पुन्हा म्हणाली, "कोल्हापूर." 1899 च्या कार्तिकात पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हटले गेले आणि त्यातून काय उभे राहिले, हे आत्तीने तीस वर्षे मुलांना शिकवले आहे. पुरोहिताने पुढचा मंत्र सुरू केला.

फल्गू नदी सीतेच्या शापाने वाळूखालून वाहते, असे आत्तीने वाटेत सर्वांना सांगितले होते. प्रत्यक्षात 2022 मध्ये झालेल्या रबरी बंधाऱ्यामुळे आता मंदिराजवळ पाणी साठलेले दिसते. यात्रेकरूंची सोय झाली, आत्तीची मात्र निराशा झाली. बोधगयेला निरंजनेच्या काठी तिला हवे ते मिळाले. ही निरंजना मोहना नदीला मिळाली की तिचीच पुढे फल्गू होते. वाळूचे विस्तीर्ण पात्र आणि त्यात एका कडेला पाण्याची बारीक रेघ. आत्ती खाली बसली, कोपरापर्यंत हात घालून तिने वाळू उकरली आणि ओली मूठ माझ्यासमोर उघडली. "बघ, हाय की."

त्या संध्याकाळी मी एकटीच महाबोधी मंदिरात जाऊन बसले. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे सबंध यात्रेत प्रथमच माझ्या आसपास कोणी छायाचित्र काढत नव्हते. सध्याचा बोधिवृक्ष मूळ वृक्षाच्या परंपरेतला असून 1881 मध्ये लावलेला आहे. त्याखाली तिबेटी, थाई आणि ब्रह्मदेशी भिक्षू आपापल्या भाषांत पठण करत होते, आणि नागपूरकडची वाटावीत अशी एक आजी व तिचा नातू "बुद्धं सरणं" म्हणून झाल्यावर जेवायला काय मिळेल याची मराठीत चर्चा करत होते. मी दीड तास बसले. काशीत मला जे मिळाले नाही ते येथे मिळाले, हे आत्तीला सांगावे की नाही, याचा विचार करत परत आले; तिने ते न विचारताच ओळखले आणि सकाळी आपणही येणार असल्याचे जाहीर केले.

सकाळी ती गडू घेऊन आली. एवढी लांब आणलेली पंचगंगा बोधिवृक्षाला दाखवल्याशिवाय परत न्यायची नाही, असा तिचा निश्चय होता. तपासणीच्या यंत्रापाशी पहाऱ्यावरच्या जवानाने गडू उचलून हलवला आणि आत काय आहे ते विचारले. आत्तीने पेरांवर नद्या मोजायला सुरुवात केली. त्याने हात वर करून तिला थांबवले आणि सर्वांना सांगतो तेच सांगितले: "पीकर दिखाइए।"

आत्तीने मान मागे करून वरून धार धरली, एक घोट घेतला, पदराने ओठ टिपले आणि गडू माझ्यापुढे धरला. मागे रांग खोळंबली होती. मी प्यायले.